कोळशाच्या भुकटीतले बाराशे कोटी

सोयाबीनच्या पेरणीआधी बियाण्याला चोळायचं रायझोबियमचं २५० ग्रॅमचं पाकीट फोडलं, की हाताला लागते दमट, काळी भुकटी. तिच्यात जीव असेल असं वाटतही नाही. पण सरकारी मानकानुसार या भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. म्हणजे एका पाकिटात साडेबाराशे कोटी! दहा किलो बियाण्याला ते लावलं, तर दाण्यामागे लाखभर तरी पडतात.

जर्मनीत नोबे आणि हिल्टनर या शास्त्रज्ञांनी १८९६च्या सुमारास हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे असे जिवाणू 'नायट्राजिन' नावाने बाटल्यांतून विकायला आणले. जिवाणू वाढवता येत होते. अवघड होतं ते शेतापर्यंत जिवंत पोहोचवणं. रायझोबियम टणक बीजाणू बनवत नाही, त्यामुळे वाळलं किंवा तापलं की मरतं. त्याला वाटेत निवारा लागतो. हा निवारा म्हणजेच वाहक.

परदेशात त्यासाठी पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजलेला पालापाचोळा, वापरतात. आपल्याकडे चांगलं पीट फारसं नाही, म्हणून लिग्नाइट, म्हणजे खाणीतला तपकिरी कोळसा, किंवा लाकडी कोळसा आला. लिग्नाइट मैद्यासारखा बारीक दळतात. तो आम्लधर्मी, म्हणून त्यात कॅल्शियम कार्बोनेट मिसळतात. आगंतुक जंतू मरावेत म्हणून वाफेने निर्जंतुक करतात आणि मगच जिवाणूंचं द्रावण घालतात. भुकटीत ३० ते ४० टक्के ओलावा राखावा लागतो. तिच्या सूक्ष्म छिद्रांत पाणीही टिकतं आणि हवाही खेळते. पाकिटाचं पॉलिथिनसुद्धा असं निवडतात, की ओल आत राहावी, पण जिवाणूंचा श्वास कोंडू नये.

गुळाच्या पाण्याने ही भुकटी दाण्याला चिकटते. दाणा रुजला की मुळातून पाझरणाऱ्या रसायनांची खूण ओळखून जिवाणू मूळरोमांत शिरतात आणि गाठी धरतात. महिनाभराने एखादी गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी दिसली, तर हवेतला नत्र पिकाला मिळू लागला आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच गोत्रातल्या प्रथिनाचा.

म्हणून पाकीट घेताना त्यावरचं पिकाचं नाव आणि वापरायची अंतिम तारीख वाचा. ते उन्हात ठेवू नका. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी आणि जिवाणू शेवटी. बियाणं सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.