परवाना-किल्ली आणि स्वाक्षरी

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी ही गावे १९९२-९३ मधील कुपोषणजन्य बालमृत्यूंमुळे महाराष्ट्रास परिचित झाली. अशा प्रदेशात रास्त भावाच्या दुकानातील ई-पॉस यंत्राचे उत्तर म्हणजे एका कुटुंबाच्या धान्याचा प्रश्न होय. शिधापत्रिकाधारकाने अंगठा ठेवला की पडताळणीची विनंती एपीआयद्वारे आधार प्राधिकरणाच्या संगणकाकडे जाते. ती अधिकृत संस्थेचीच आहे, हे तेथे कसे ओळखावे?

विनंतीसोबत संस्थेची परवाना-किल्ली असते. परंतु तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक विनंतीबरोबर प्रवास करणारी किल्ली परक्याच्या हाती लागली, तर तिच्या बळावर तोही संस्थेचे सोंग घेऊ शकेल. म्हणून विनंतीवर अंकीय स्वाक्षरीही आवश्यक मानली आहे. स्वाक्षरीची खासगी किल्ली संस्थेजवळच राहते. बाहेर जाते ती केवळ तिच्या साहाय्याने मजकुरावरून सिद्ध केलेली खूण. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ही खूण जुळत नाही. शिवाय विनंतीत वेळेची नोंद असल्याने जुनीच विनंती पुन्हा पाठविणाराही उघडा पडतो.

तथापि स्वाक्षरीने सिद्ध होते ते विनंतीचे मूळ. मनुष्याचा हक्क नव्हे. कष्टाने झिजलेला ठसा किंवा तुटलेला संपर्क यांमुळे खरा लाभार्थीही अमान्य ठरू शकतो. केवळ पडताळणी अयशस्वी झाली म्हणून पात्र कुटुंबास धान्य नाकारू नये, असे केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले. यंत्ररचना अभ्यासणाऱ्याने हा भेद सदैव ध्यानी ठेवावा.