समानतेचा करारनामा

रायपूरच्या एखाद्या कार्यालयातल्या संगणकात ‘छत्तीसगढ़’ हे राज्याचे नाव दोन प्रकारे साठवलेले असू शकते. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात ‘ढ़’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३९७. तेच अक्षर ‘ढ’ (२३३८) आणि त्यापुढे नुक्ता (२३६४) असे दोन क्रमांकांनीही लिहिता येते. पहिल्या प्रकारात नावाला आठ क्रमांक लागतात, दुसऱ्यात नऊ. पडद्यावर दोन्ही नावे सारखीच दिसतात. ती समान आहेत का, असे == हे समानतेचे चिन्ह लावून पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेला विचारले तर ती नाही म्हणते, स्विफ्ट ही भाषा हो म्हणते.

यात चूक कोणाचीच नाही. पायथॉन क्रमांकांची रांग ताडून पाहते, स्विफ्ट युनिकोडने ठरवून दिलेली सममूल्यता मानते. पायथॉन वापरणाऱ्याने तुलनेआधी दोन्ही नावे एका प्रमाण रूपात आणायची असतात. त्यातही गंमत आहे: युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाण रूपात ‘ढ़’ची फोड होते, तर मराठीतला ‘ऱ’ एकसंध राहतो. मराठीत कोणी ‘छत्तीसगड’ लिहिले, तर ते या दोन्ही भाषांच्या लेखी निराळेच नाव. त्यासाठी पर्यायी नावांचा तक्ता प्रोग्रॅमरलाच पुरवावा लागतो.

म्हणूनच भाषा घडवणाऱ्यांना == चा अर्थ काटेकोर लिहून ठेवावा लागतो, आणि तो लिहायला गणिताचा आधार घेतात. समरूप त्रिकोण शिकताना भेटलेले तीन गुणधर्म इथेही लागू पडतात. परावर्तनता: प्रत्येक वस्तू स्वतःशी समान. सममितता: क ख-शी समान, तर ख क-शी समान. संक्रामकता: क ख-शी आणि ख ग-शी समान, तर क ग-शी समान. जावा या भाषेच्या दस्तऐवजात ‘इक्वल्स’ या समानता तपासणाऱ्या क्रियेखाली हेच तीन नियम आहेत, शिवाय वस्तू बदलल्या नसतील तर उत्तरही बदलू नये, अशी अट आहे. समान वस्तूंचा हॅश-अंकही, म्हणजे वस्तूवरून काढलेला अंकही, एकच हवा, हे त्याला जोडून येते. किल्लीवरून वस्तू शोधून देणारा हॅशमॅप हा तक्ता आधी या अंकावरून कप्पा निवडतो आणि मग त्या कप्प्यात समानता तपासतो. अट मोडली तर आत ठेवलेली वस्तू पुन्हा सापडेलच असे नाही.

पहिला नियम मोडतो तो अपूर्णांकांत. संगणकातल्या अपूर्णांकांसाठीच्या १९८५च्या आयईईई ७५४ या मानकात शून्य भागिले शून्य याचे उत्तर ‘नॅन’, म्हणजे संख्याच नव्हे, असे ठरले. अनंतातून अनंत वजा केले तरी नॅनच मिळतो. अर्थ नसलेल्या अशा दोन उत्तरांना समान कशाच्या जोरावर म्हणणार? म्हणून नॅन स्वतःशीही समान नाही. रस्ट भाषेने हा अपवाद सरळ रचनेतच आणला. तिथे ‘पार्शलइक्यू’ सममितता आणि संक्रामकता मागते, ‘इक्यू’ त्यात परावर्तनतेची भर घालते. अपूर्णांकांना पहिलेच लागू आहे, त्यामुळे अपूर्णांक थेट हॅशमॅपची किल्ली करू गेल्यास कंपायलर अडवतो. मात्र प्रोग्रॅमरने स्वतः घडवलेल्या प्रकारावर ‘इक्यू’चा शिक्का मारला, तर तो खरा की खोटा हे कंपायलर पडताळू शकत नाही. तिथे शब्दावरच विश्वास.

संक्रामकता मोडायचे ठळक उदाहरण १९९५ची जावास्क्रिप्ट. तिच्या == ला रिकामी अक्षरमाला ० शी समान वाटते, ० हा अंक '0' या अक्षरमालेशी समान वाटतो, पण त्या दोन अक्षरमाला एकमेकींशी समान नाहीत. तुलना करताना ती मूल्यांचा प्रकार बदलून घेते, त्याचा हा परिणाम. प्रकार न बदलणारे === हे चिन्ह १९९९च्या आवृत्तीत प्रमाण झाले.

गणिताची आणखी एक अपेक्षा असते: समान गोष्टींपैकी एकीच्या जागी दुसरी ठेवली तर उत्तर बदलू नये. आयईईईच्या मानकात धन शून्य आणि ऋण शून्य == ने समान ठरतात, पण १ला त्यांनी भागले की एकदा धन अनंत येते, एकदा ऋण अनंत. जावाच्या ‘डबल’ या अपूर्णांक-वस्तूंचे ‘इक्वल्स’ इथे == च्या नेमके उलट वागते: नॅनला नॅनशी समान मानते, दोन शून्यांना वेगळे. हॅश तक्ते नीट चालावेत म्हणून हे केले, असे कारणही दस्तऐवजात दिले आहे. असे कारण हाताशी असले की त्या वागण्याला दोष समजून कोणी ते ‘दुरुस्त’ करायला जात नाही, आणि आपल्या कामाला == लावायचे की ‘इक्वल्स’, हे कोड लिहिण्यापूर्वीच ठरवता येते.