मेमरी कार्डांचे प्रकार, त्यांचे भवितव्य आणि बोलींच्या नोंदी

बोलींच्या अभ्यासकास डिजिटल कॅमेरा हे आज लेखणीइतकेच आवश्यक साधन झाले आहे. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावी एखाद्या वृद्ध शेतकऱ्याकडून औतकामाची शब्दसंपत्ती टिपून घ्यावयाची असेल, तर कॅमेऱ्यामुळे उच्चाराबरोबर ओठांची हालचाल आणि हातातील अवजारही नोंदले जाते. ही सामग्री प्रथम उतरते ती कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावर. बोलण्यात त्यास पुष्कळदा नुसते 'चिप' म्हणतात. शब्द एक असला तरी त्याने दर्शविलेल्या वस्तू अनेक आहेत आणि एकीच्या जागी दुसरी चालतेच असे नाही. म्हणून या कार्डांच्या भवितव्याचा विचार भाषाभ्यासकासही करावा लागतो.

या कार्डांचा इतिहास सुमारे तीन दशकांचा आहे. १९९४ साली सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश आणले. त्यानंतर १९९५ मध्ये तोशिबाचे स्मार्टमीडिया, १९९८ मध्ये सोनीचे मेमरी स्टिक आणि २००२ मध्ये ऑलिंपस व फूजीफिल्म यांचे एक्सडी कार्ड निघाले. स्मार्टमीडियाची धारणशक्ती १२८ मेगाबाइटच्या व एक्सडीची २ गिगाबाइटच्या पुढे गेली नाही. दोन्ही प्रकार लयास गेले. १९९९ मध्ये मात्सुशिता, सॅनडिस्क व तोशिबा यांनी घोषित केलेले एसडी कार्ड मात्र टिकले. अनेक उत्पादकांनी ते स्वीकारले, आणि बाह्य आकार तोच ठेवून त्याची मर्यादा वाढविता आली, ही त्याची प्रमुख कारणे होत. ही मर्यादा २००६ मध्ये ३२ गिगाबाइट, २००९ मध्ये २ टेराबाइट आणि २०१८ मध्ये १२८ टेराबाइट अशी वाढत गेली. तथापि आकार तोच असला तरी नवे कार्ड जुन्या कॅमेऱ्यात चालेलच असे नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता धारणशक्तीपेक्षा वेगाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे. उच्च दर्जाच्या चलच्चित्रणात माहितीचा ओघ इतका मोठा असतो की, कार्ड तो तितक्याच वेगाने लिहून घेऊ शकले नाही तर चित्रण मध्येच थांबते. यावर उपाय म्हणून संगणकातील जलद संदेशमार्गाचाच उपयोग करणारे सीएफएक्स्प्रेस कार्ड २०१७ मध्ये निश्चित झाले. एसडीनेही २०१८ मध्ये त्याच मार्गाचा अंगीकार केला. परंतु कॅमेऱ्यांत त्या नव्या एसडीचा प्रसार अद्याप फारसा झालेला नाही. तिसरा मार्ग स्मृती कॅमेऱ्यातच बसविण्याचा. २०२२ च्या हॅसलब्लाड एक्स२डी या कॅमेऱ्यात कार्डाच्या खाचेबरोबर १ टेराबाइटची अंतर्गत स्मृती आहे. २०२५ च्या सिग्मा बीएफमध्ये तर खाच मुळीच नसून २३० गिगाबाइटची अंतर्गत स्मृती आहे.

यावरून असे अनुमान करता येईल की, सामान्य कामासाठी एसडी व जड कामासाठी सीएफएक्स्प्रेस ही विभागणी आणखी काही काळ राहील आणि अंतर्गत स्मृतीचे प्रमाण हळूहळू वाढेल. क्षेत्रकार्यास हा बदल सर्वस्वी सोयीचा नाही. भरलेले कार्ड काढून दुसरे घालता येते. अंतर्गत स्मृती भरली, तर सामग्री अन्यत्र उतरवून घेईपर्यंत काम थांबते.

कार्ड कोणतेही असो, ते दीर्घकालीन जतनाचे साधन मानता येत नाही. त्यातील माहिती सूक्ष्म विद्युत्‌भाराच्या रूपाने साठते आणि कार्ड वर्षानुवर्षे पडून राहिल्यास हा भार ओसरू शकतो. शिवाय ते वाचणारे यंत्रच उद्या मिळेनासे होईल, ही भीती निराळी. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाशी निगडित असलेली, १९१३ ते १९२९ या काळातील ग्रामोफोन ध्वनिमुद्रणे आज सहज ऐकता येतात, ती त्यांचे डिजिटल रूपांतर झाल्यामुळे. पुण्याचे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनीही मराठी बोलींच्या सर्वेक्षणातील नमुने महाजालावर खुले केले आहेत. तात्पर्य, गावातून परतताच सामग्रीच्या किमान दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि प्रत्येकीसोबत गाव, दिनांक, निवेदकाची संमती व विषय यांची नोंद जोडावी. निवेदक वृद्ध असतो. त्याचे शब्द पुन्हा टिपण्याची संधी मिळेलच असे नाही.