छप्पन्न गाणी आणि एक डबी

२०२२ च्या दिवाळीत मी अठ्ठावीस हजार रुपये मोजून एक डबी विकत घेतली. तपकिरीच्या डबीहून ती थोडीशीच मोठी आहे आणि तिच्यात गाणी असतात. ‘खिशात बाळगण्याचे संगीतयंत्र’ असे तिचे भारदस्त वर्णन मराठीचा प्राध्यापक या नात्याने मला करता येईल. पण आमची सौ. तिला पहिल्या दिवसापासून ‘डबी’च म्हणते, आणि किंमत कळल्यापासून तर फारच ठासून म्हणते.

वाचक विचारतील, हल्ली ज्याच्या त्याच्या फोनमध्ये गाणी असताना तुम्हाला ही अवदसा आठवली कशी? प्रश्न रास्त आहे. खिशातल्या संगीताचा संसार तसा जुना. १९७९ साली जपानात वॉकमन निघाला. २००१ साली अमेरिकेत आयपॉड आला, त्यात हजार गाणी मावत. २०२२ च्या मे महिन्यात तो बनवणेही बंद झाले. म्हणजे सारे जग बाजार आटोपून घरी निघाले, तेव्हा आम्ही पिशवी घेऊन बाहेर पडलो! माझ्या एका सहकाऱ्याने माझे कान फुंकले होते. ते म्हणाले, “अहो, एमपी३ म्हणजे साय काढलेले दूध. कानाला सहसा जाणवणार नाही तेवढा आवाज गाळून टाकतात, म्हणून ती फाईल लहान होते. या यंत्रात काही म्हणता काही गाळलेले नसते.” मला एकदम सायीचे दूध प्यावेसे वाटले.

ते प्यायचे कुठे, हा प्रश्न मात्र पुढे आला. मी राहतो विठ्ठलवाडीस आणि नोकरीला जातो दादरकडे. संध्याकाळच्या गाडीत ज्याला स्वतःचे दोन पाय एकाच जागी टेकवता येत नाहीत, त्याने कानातल्या दोन तारा कुठे सांभाळाव्यात? एक तार एका गृहस्थांच्या छत्रीत अडकून घाटकोपरला उतरली. पुढे बिनतारी बोंडे घेतली, तर ती कान इतके बंद करीत की बाहेरची घोषणा ऐकू येईना. एकदा यमन इतका रंगला की मी बदलापूरची समजून कसाऱ्याची गाडी पकडली, आणि कल्याणनंतर डोळे उघडले तेव्हा समोर विठ्ठलवाडीऐवजी शहाड! घरी पोचायला तासभर उशीर झाला. सौ.ने कारण विचारले. मी गर्दीवर ढकलले.

पण या डबीने माझी खरी फजिती केली ती आईसमोर.

गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल लाभलेले ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी एकूण छप्पन्न. आई तेव्हा सात वर्षांची होती. कल्याणच्या त्यांच्या वाड्यात रेडिओ एकच, मालकांचा. त्याच्यापुढे सारा वाडा सतरंजीवर बसे. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. म्हणून २०२३ च्या रामनवमीला छप्पन्नही गीते मी डबीत भरली आणि मोठ्या ऐटीने बोंडे आईच्या कानात घातली.

थोड्याच वेळात तिने ती काढून ठेवली. म्हणाली, “अरे, सीतेला वनात सोडली, आणि आता राम जन्माला येतोय?”

पाहतो तो खरेच! डबीने सारी गीते इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली होती. अखेरचे गीत ‘ग’चे, ते आधी. सीतात्यागाचे ‘म’चे. रामजन्माचे ‘र’चे, म्हणून त्याच्यानंतर. आणि अगदी पहिले, कुश-लव रामापुढे गातात ते, ‘स’चे असल्यामुळे शेवटाकडे गेलेले. नावे देवनागरीत लिहून पाहिली, तर पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी उमटल्या.

उपाय एकच होता. प्रत्येक गीताच्या नावापुढे क्रमांक घालायचा. क्रम कोणाला माहीत? आईला. तीन संध्याकाळी ती सांगत गेली आणि मी एका कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर एक ते छप्पन्न लिहून घेतले. पुस्तक उघडून ताडून पाहिले, एकही चूक नव्हती. यंत्रात अख्खे ग्रंथालय मावेल एवढी स्मृती. पण रामाचा जन्म लग्नाआधी होतो, एवढे तिला ठाऊक नव्हते.

यंदा श्रावणात डबी तासाभरात मान टाकू लागली. कंपनीच्या माणसाने फोनवरून दोन बटणे एकदम दाबायला सांगितली. मी दाबली. डबी पाटीसारखी कोरी झाली, आणि तासाभराने पुन्हा मान टाकली. “बॅटरी बदलून मिळत नाही, नवीन घ्या,” असा अखेरचा सल्ला मिळाला.

शेवटी उल्हासनगरच्या कँपातला एक कारागीर गाठला. आमच्या या गावाची ‘मेड इन यूएसए’ म्हणून थट्टा करण्यात मीही मागे नव्हतो. त्याने डबी कानाशी हलवली आणि म्हणाला, “सर, माणसानंच चिकटवलीय ना? मग निघेल की.” गरम हवा देऊन त्याने झाकण सोडवले, नऊशे रुपयांत बॅटरी घातली, आणि जुनी माझ्या हातावर ठेवली. ती उशीसारखी फुगली होती.

गीते पुन्हा भरायला बसलो. उत्तरपत्रिका लगेच सापडेना, म्हणून आईलाच विचारले. ती शबरीपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून निघाली, पुन्हा शबरीपाशीच थांबली. “पुढं काय रे?” तिने मला विचारले. हल्ली दुपारी जेवलो की नाही, हेही ती कधी कधी विचारते. पण हा प्रश्न तिने मला कधी विचारला नव्हता.

सौ.ने शब्दकोशाच्या खंडातून तो कागद शोधून आणला. मी वाचले, “सुग्रीवाची मैत्री.” “हां!” आई म्हणाली, आणि तिथून छप्पन्नापर्यंत न अडखळता गेली.

आता ती बोंडे कपाटात आहेत. चिरंजीवांनी डबीला एक साधासा ध्वनिवर्धक जोडून दिला आहे. सायीचे दूध त्यातून कितपत येते, मला सांगता येणार नाही. जेवणे झाली की आम्ही चौघे रोज एक गीत ऐकतो, एकच. आई कागद हातात धरून बसते आणि गीत संपले की पुढल्याचा क्रमांक वाचून दाखवते.

काल शबरीचे झाले. आज संध्याकाळी सुग्रीव.