एकाच पुळणीचे दोन हंगाम

इंग्लंडच्या पूर्वेला, उत्तर समुद्राच्या काठी नॉरफोक हा परगणा आहे. तिथल्या हॉर्सी आणि विंटर्टन या दोन छोट्या गावांमधली वाळूची पुळण वर्षातून दोनदा वन्यजीवांच्या ताब्यात जाते. मे ते ऑगस्ट या काळात विंटर्टनच्या बाजूला छोटा सुरय हा समुद्रपक्षी अंडी घालतो, तर नोव्हेंबर ते जानेवारीत त्याच किनाऱ्यावर ग्रे सीलच्या माद्या पिल्लांना जन्म देतात. दोघेही उघड्या वाळूवर वीण करतात. ना कपार, ना बीळ, ना झाडाचा आडोसा. आणि ही वाळू माणसांनाही तितकीच हवी असते. उन्हाळ्यात पोहायला आणि खेळायला, थंडीत कुत्र्याला घेऊन लांबवर चालायला. या दोन हक्कांच्या मध्ये दोर बांधून उभे राहण्याचे काम मुख्यतः स्वयंसेवक करतात.

या कामाचा इतिहास याच परगण्यातला आणि शंभर वर्षांहून जुना आहे. पश्चिमेकडे ब्लेकनी पॉइंट नावाची गोटे आणि वाळूची एक लांबलचक जीभ समुद्रात शिरली आहे. तिथे १९०१ मध्ये स्थानिक पक्षीरक्षक मंडळाने एक राखणदार नेमला आणि १९१२ मध्ये ती जागा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली. त्या काळचा शत्रू ओळखायला सोपा होता. हौसेने अंडी जमवणारे लोक, बंदूकवाले आणि बायकांच्या टोप्यांसाठी पिसे विकणारे व्यापारी. पिसांच्या या फॅशनला विरोध म्हणून १८८९ मध्ये काही बायकांनीच सुरू केलेली चळवळ पुढे आरएसपीबी ही ब्रिटनमधली सर्वांत मोठी पक्षीसंस्था झाली. आज बंदूक गेली आहे. आजचा धोका प्रेमळ आहे. फोटो काढायला दोन पावले पुढे येणारा माणूस, हे त्याचे रूप.

छोटा सुरय जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा पक्षी. पिवळी चोच, कपाळावर पांढरा पट्टा, डोक्यावर काळी टोपी. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिवाळा काढून तो वसंतात ब्रिटनला येतो आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात सूर मारून बारीक मासे पकडतो. त्याचे घरटे म्हणजे वाळूत छातीने कोरलेला एक खळगा. त्यात दोन-तीन अंडी. अंड्यांचा रंग गोट्यांशी इतका मिळून जातो की कावळ्या-कुरवांच्या नजरेतून ती बऱ्याचदा सुटतात. माणसाच्या बुटापुढे मात्र हा बचाव कुचकामी ठरतो, कारण जे दिसतच नाही त्यावर पाय पडणारच.

थेट पाय पडला नाही तरी नुकसान व्हायचे ते होते. कोणी जवळ आले की सगळी वसाहत एकदम हवेत उठते, घिरट्या घालते, ओरडते. तेवढ्या वेळात अंडी वाऱ्याने गार पडतात किंवा उन्हात तापतात, आणि कावळ्याला आयती संधी मिळते. अंडी उबवायला तीन आठवडे लागतात, पिल्ले उडायला जवळपास तितकेच दिवस. सहा आठवडे किनारा शांत हवा, आणि नेमके तेच सुट्टीचे दिवस असतात.

म्हणून पक्षी येण्याआधीच खांब रोवून दोर ओढले जातात. वसाहतीभोवती कोल्ह्यांसाठी सौम्य विजेचे कुंपण बसते. मग सुरू होते पहारा देणे, आणि ते कंटाळवाणे काम आहे हे मान्य केले पाहिजे. तासन् तास वाऱ्यात बसून दुर्बिणीतून पाहायचे, नोंदी ठेवायच्या, येणाऱ्याला थांबवून समजावायचे. खरुची नावाचा छोटा ससाणा सुरयाची पिल्ले उचलतो. त्यावर शोधलेला उपाय गमतीदार आहे. ससाण्याच्या घरट्याजवळच त्याला आयते खाद्य ठेवायचे, म्हणजे तो किनाऱ्याकडे कमी फिरकतो. २०१३ मध्ये युरोपीय संघाच्या मदतीने सुरयांसाठी देशभर एक मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात नकली पक्षी मांडणे आणि ध्वनिमुद्रित आवाज लावणे अशा युक्त्याही वापरल्या गेल्या, कारण सुरय वसाहत करणारा पक्षी आहे आणि जिथे आपली जात दिसते तिथेच उतरतो. नॉर्थम्बरलँडमधल्या लाँग नॅनी इथे तर रक्षक हंगामभर किनाऱ्यावरच तंबू ठोकून रात्रंदिवस राखण करतात आणि उधाणाचे पाणी चढणार असेल तर घरटी खोक्यांवर ठेवून उंच करतात.

सगळे करूनही एखाद्या वर्षी वसाहत बुडते. एका रात्रीचे उधाण किंवा कुंपणात शिरलेला एकच कोल्हा पुरेसा असतो. मग पक्षी दुसऱ्या पुळणीवर जातात. विंटर्टनच्या दक्षिणेला असलेल्या ग्रेट यारमथच्या किनाऱ्यावर एके काळी देशातली सर्वांत मोठी वसाहत होती. पक्षी हलले, त्यांच्यामागे कुंपणे आणि माणसेही हलली. एक जागा राखीव केली म्हणजे काम संपले, असे या पक्ष्याच्या बाबतीत कधीच म्हणता येत नाही.

सीलची गोष्ट वेगळी आहे. ग्रे सील हा मासे खाणारा, पाण्यात जगणारा सस्तन प्राणी, पण विणीसाठी त्याला जमिनीवर यावेच लागते. जन्मतः पिल्लू साधारण चौदा किलोचे असते आणि त्याच्या अंगावर लांब पांढरी लव असते. आईच्या दुधात निम्म्याहून अधिक भाग चरबीचा असतो, त्यामुळे पिल्लू रोज दोनेक किलोने वाढते. जेमतेम तीन आठवड्यांत आई त्याला सोडून समुद्रात परतते. त्यानंतर पांढरी लव गळून पडेपर्यंत ते एकटेच, काही न खाता, वाळूवर पडून राहते. एकटे दिसणारे प्रत्येक पिल्लू पोरके नसते, हे लोकांना पटवणे स्वयंसेवकांच्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे.

दूध पाजण्याच्या त्या तीन आठवड्यांत मादी बिथरली आणि पाण्यात पळाली, तर पिल्लू उपाशी राहते. घाई-गडबडीत मोठे नर पिल्लांना चिरडतात. या नरांचे वजन अडीचशे किलोच्या पुढे जाऊ शकते आणि ते माणसावरही धावून येतात. हॉर्सीला २०१२ च्या सुमारास ‘फ्रेंड्स ऑफ हॉर्सी सील्स’ हे मंडळ उभे राहिले. हंगामात किनारा दोराने बंद करून लोकांना वाळूच्या टेकड्यांवरच्या पायवाटेने पाठवायचे, तिथून सील दाखवायचे, पिल्ले मोजायची, जखमी प्राण्यांची खबर द्यायची, अशी त्यांची कामे. आता तिथे एका हंगामात दोन हजारांहून अधिक पिल्ले जन्मतात. ब्लेकनी पॉइंटवर २००१ मध्ये पंचवीस पिल्ले मोजली गेली होती, पुढच्या दीड दशकात तो आकडा अडीच हजारांच्या पुढे गेला.

कायद्याची बाजू इथे फार रंजक आहे. ग्रे सीलला संरक्षण देणारा पहिला कायदा ब्रिटनमध्ये १९१४ मध्ये झाला, त्यानंतर १९७० चा. पण हे कायदे मारण्याविरुद्ध आहेत. स्कॉटलंडमध्ये ठरावीक जागी सीलला त्रास देणे हाही गुन्हा आहे, इंग्लंडमध्ये नुसते बिथरवणे बहुतेक ठिकाणी गुन्ह्यात मोडत नाही. छोट्या सुरयाचे तसे नाही. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याला घरट्यावर जाणीवपूर्वक त्रास देणे हा गुन्हा आहे. म्हणजे एकाच किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या दोरामागे कायदा उभा असतो आणि हिवाळ्यातल्या दोरामागे बहुतांशी फक्त विनंती. ती विनंती बहुतेक लोक पाळतात, याचे श्रेय दोराशी उभे राहून शांतपणे बोलणाऱ्यांना द्यावे लागेल. दमदाटी केली असती तर हे जमले नसते.

२०१७ मध्ये हॉर्सीच्या किनाऱ्यावर एक मादी सापडली. तिच्या गळ्यात मध्ये भोक असलेली प्लास्टिकची उडती चकती अडकली होती. खेळकर सील अशा चकतीत डोके घालतात, वाढत्या अंगाबरोबर ती मांसात रुतत जाते. उपचारानंतर २०१८ मध्ये तिला पुन्हा समुद्रात सोडले गेले. ‘मिसेस फ्रिस्बी’ या नावाने ती वर्तमानपत्रांत गाजली. मंडळाने तेवढ्यावर न थांबता भोकाच्या चकत्यांऐवजी भरीव चकत्या वापरण्याची मोहीम चालवली आणि काही स्थानिक परिषदांनी आपल्या किनाऱ्यांवर भोकाच्या चकत्यांना बंदी घातली.

निसर्गाच्या तडाख्यापुढे मात्र स्वयंसेवक हतबल असतात. ५ डिसेंबर २०१३ च्या रात्री उत्तर समुद्रात मोठे उधाण आले. विणीचा हंगाम ऐन भरात होता. अनेक पिल्ले आयांपासून तुटली, काही वाहून गेली. यशाचेही ओझे असते. सील वाढले तसे पाहुणे वाढले, अरुंद रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या, आणि सील मासे पळवतात ही मच्छीमारांची जुनी तक्रार आहेच.

भारताच्या किनाऱ्यावर सील नाहीत. छोटा सुरय मात्र आपल्याकडेही आहे आणि नदीपात्रातल्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. स्वयंसेवी राखणीचे आपले ठळक उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचे. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने तिथल्या गावकऱ्यांसह समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पण दोन्ही कामांत एक महत्त्वाचा फरक आहे. कासवाची अंडी उचलून कुंपणातल्या सुरक्षित वाळूत पुरता येतात आणि पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडता येतात. सुरयाची वसाहत किंवा दूध पाजणारी सील अशी उचलून नेता येत नाही. तिथे हलवता येतात ती फक्त माणसे.

इंग्लंडला जाणाऱ्या किंवा तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी हिवाळ्यात हॉर्सीला जरूर जावे. टेकडीवरच्या पायवाटेवरूनच सील पाहावेत आणि कुत्रे साखळीला बांधावे. पांढऱ्या लवेचे पिल्लू एकटे दिसले तर त्याला समुद्रात ढकलू नये, हात लावू नये, लांब उभे राहून जवळच्या स्वयंसेवकाला सांगावे.