पुडक्यांचा हिशेब आणि पहिलीची भाषा

मे महिन्यात गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात सारे घर तेंदूपानांच्या मागे असते. पहाटे पाने तोडायची, दुपारी सावलीत बसून पुडकी बांधायची, संध्याकाळी ती फळीवर मोजून द्यायची. एका पुडक्यात 70 पाने, हजार पुडक्यांची एक गोणी. आठ-नऊ वर्षांची पोरेही या मोजदादीत असतात. शंभर पुडक्यांचे किती झाले, हे ती बोटांवर सांगतात. जूनअखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात आणि फळीवर चुरूचुरू बोलणारे हेच मूल वर्गातल्या फळ्यापुढे गप्प होते.

असे का होते, याचा शोध ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात घेतला गेला. तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांची 98 टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत मांडली, तेव्हा प्रमाण 37 टक्क्यांवर आले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला मोठा अभ्यास 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्यातही तेच दिसले. शिवाय उलटेही दिसले: शाळेत जाणारी मुले बाजारातल्या व्यवहारी हिशेबाशी अडखळली.

या शहरांतल्या मुलांपुढे कागदाचा अडसर होता. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या मुलांपुढे त्याआधी आणखी एक असतो, तो म्हणजे भाषेचा.

पहिली ते पाचवीचा अभ्यासक्रम राज्यभर सारखाच आहे. भाषा, गणित आणि इंग्रजी पहिलीपासून, तिसरीपासून त्यात परिसर अभ्यासाची भर. कागदावर मराठी ही 'मातृभाषा'. पण माडिया किंवा गोंडी घरातले मूल पहिलीत येते तेव्हा मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. गोंडी द्राविड कुळातली, 2011 च्या जनगणनेत तिचे सुमारे 30 लाख भाषक नोंदले गेले. एक, दोन, तीन, चारला ती उंडी, रंड, मुंड, नालुंग म्हणते. सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, जिवतीकडे गोंडी आणि कोलामीही. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्य तापले होते आणि अखेर 29 जून रोजी शासनाला ते निर्णय मागे घ्यावे लागले. त्या वादात दुर्गम गडचिरोलीचे नाव क्वचितच ऐकू आले. तिथल्या मुलाला इंग्रजी ही तिसरी भाषा पहिलीपासूनच आहे.

गणितातही भाषाच आडवी येते. मराठी संख्यानामे शंभरापर्यंत जवळजवळ एकेक करून पाठ करावी लागतात. 'एकोणपन्नास'मध्ये नऊ कुठे ऐकू येतो? 'चोपन्न' म्हणताना चार आधी आणि लिहिताना पाच आधी. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' म्हणतात आणि तिथली लहान मुले मोजणी लवकर शिकतात, असे संशोधकांना आढळले आहे. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर पाच' असे वाचनाचे पर्यायी रूप दिले, तेव्हा त्याची भरपूर टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण समजावून सांगितले, पण विनोद थांबले नाहीत. ते करणाऱ्यांची घरची भाषा मराठीच होती.

वाचनाचे तर त्याहून नाजूक आहे. आपली तात्कालिक स्मृती एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवते. प्रत्येक अक्षर जुळवायला वेळ लागला तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात निसटते. घरच्या भाषेतला शब्द अर्धा वाचताच ओळखू येतो आणि तेवढा भार हलका होतो. अनोळखी भाषेत ही सवलत नाही. जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे तिसरीसाठीचे उद्दिष्ट मिनिटाला किमान 60 शब्द, समजून वाचणे, असे आहे. घड्याळ लावून शब्द मोजता येतात. 'समजून' मोजायला मुलाशी त्याच्या भाषेत बोलावे लागते.

मराठीच बोलणारी मुलेही यातून सुटत नाहीत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडच्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो. मुलाने श्रुतलेखनात 'पानी' लिहिले तर ते त्याने घरी ऐकले तसेच लिहिलेले असते. लाल शाईला ते निष्काळजीपणाचे वाटते.

खरे तर परिसर अभ्यास हा या मुलांचा हुकमी विषय व्हायला हवा. मोह केव्हा फुलतो, कोणत्या नाल्याला उन्हाळ्यातही पाणी राहते, हे त्यांना पुस्तकाआधी ठाऊक असते. परीक्षेत मात्र तेच प्रमाण मराठीत लिहायचे असते.

याची किंमत आरोग्यालाही मोजावी लागते. व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापात प्रायमाक्विनच्या गोळ्या 14 दिवस घ्याव्या लागतात. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, परंतु यकृतात दडलेले परजीवी उरतात आणि गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर ताप पुन्हा उलटू शकतो. अनेक घरांत सूचना वाचून सांगणारे पहिले माणूस म्हणजे शाळेत जाणारी मुलगी. सिकलसेलचेही तसेच. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा त्याचा अर्थ नाही. प्राथमिक शाळेतला अपूर्णांक समजला असेल तर हे समजते.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे राज्यघटनेचे कलम 350-क सांगते. शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 म्हणते. भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार दुसऱ्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण तिच्यात विषय शिकण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे तोवर प्राथमिक शाळा संपलेली असते. पहिलीतच घरची भाषा सोडायला लावणे म्हणूनच घाईचे ठरते.

प्रयत्न झाले आहेत. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने 1976 मध्ये माडिया मुलांसाठी शाळा काढली. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिला शासनमान्यता नव्हती आणि शिक्षण विभागाची नोटीस आली. पण प्रत्येक गावात वेगळी शाळा काढावी लागेल असेही नाही. पहिलीचे गुरुजी फळ्यावर 'पाणी'च्या शेजारी 'येर' लिहू शकतात, आणि 70 पानांचे एक पुडके, तर अशा पाच पुडक्यांत पाने किती, हे आधी गोंडीत विचारू शकतात.