पायाला बांधलेली चिठ्ठी

१९९७ साली मी शहाद्याला होतो. बँकेत कृषी अधिकारी. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता, शहादा धुळे जिल्ह्यात मोडायचं. विहिरीवरची मोटार, बैलजोडी, केळीची बाग अशा कर्जांची पाहणी करत राजदूतवरून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत हिंडायचं, हा माझा रोजचा उद्योग. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला सकाळी त्याच पायथ्याच्या रानात, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकेहून आलेल्या तिघांना एका निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेला पिंगळा दिसला. ११३ वर्षांत ज्याची खात्रीलायक नोंद कुणी केली नव्हती, तो हा वनपिंगळा. मी त्या वेळी चार-दोन गावं पलीकडे कुणाच्या तरी थकबाकीचा हिशेब मांडत बसलो असेन. बातमी पुढे वर्तमानपत्रातच वाचली.

पिंगळा आपल्याला नवा नाही. पहाटे कंदील घेऊन दारात येणारा, न विचारता भविष्य सांगणारा पिंगळा माझ्या पिढीने लहानपणी पाहिला आहे. आणि चिंचेच्या ढोलीतून तिन्हीसांजेला जोडीने चिरकणारा त्याचा नामबंधू पक्षी तर आजही शहरांतसुद्धा आहे. तो ठिपकेवाला पिंगळा. वनपिंगळा वरवर त्याच्यासारखाच, वीतभर. पण डोकं जवळजवळ कोरं, ठिपके नावापुरते. चोच आणि कवटी अंगाच्या मानाने दणकट, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पोटाचा खालचा भाग आणि पाय पांढरेशुभ्र. गंमत म्हणजे हा घुबडकुळातला असून दिवसाढवळ्या सरडे पकडतो. जातीचे नियम सगळेच पाळत नाहीत!

जगात घुबडांच्या सुमारे अडीचशे जाती आहेत. त्यांची कुळं दोनच. गव्हाणी घुबड आणि त्याचे भाऊबंद एका कुळात, बाकी सगळी गोतावळ दुसऱ्या. घुबडं आणि रातवे या निशाचरांना एका छपराखाली बसवण्याचा प्रयत्न १९९० साली अमेरिकेतल्या सिब्ली आणि आल्क्विस्ट यांनी केला होता, तो टिकला नाही. दोघेही रात्री हिंडतात एवढ्यावर सोयरीक जुळत नसते. पिंगळ्यांच्या प्रजातीला ग्रीकांच्या अथेना देवीवरून 'अथेने' नाव मिळालं. तिचा विस्तार केवढा! युरोपापासून चीनपर्यंत एक जात, आपल्याकडे ठिपकेवाला, आणि पार अमेरिकेच्या माळांवर जमिनीतल्या बिळात राहणारा एक.

वनपिंगळा यात बसतो का, यावर मात्र वाद होता. १८७२च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडच्या मुलखात ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला हा पक्षी मिळाला. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचं वर्णन केलं. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते तेच हे ह्यूम. त्यांना तो इतका निराळा वाटला की त्यांनी त्याच्यासाठी 'हेटेरोग्लॉक्स', म्हणजे निराळा पिंगळा, अशी वेगळी प्रजातीच केली. पुढच्यांनी ती मोडून त्याला अथेनेत आणला, त्यानंतरच्या काहींनी परत बाहेर काढला. २०१८ साली भारतीय संशोधकांनी जनुकं तपासली, तेव्हा तो अथेनेच्या घरातलाच निघाला.

पण मला, एका जुन्या बँकवाल्याला, या प्रकरणात पक्ष्यापेक्षा जास्त रस वाटला तो त्याच्या कागदपत्रांत. संग्रहालयात पेंढा भरलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. कुठे मिळाला, कधी, कुणाला. आमच्या भाषेत व्हाउचर. वनपिंगळ्याचे जुने नमुने बोटांवर मोजण्याइतके. त्यांतले बरेचसे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८०च्या सुमारास आपल्या खानदेशातच मिळवलेले. त्यानंतरचा एकच नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या बड्या लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. चिठ्ठीवर लिहिलेलं, गुजरातेत मांडवी, १९१४. हा कर्नल पक्षिशास्त्रातला मोठा माणूस. सलीम अली १९३७ साली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात हिंडले होते. त्याची चिठ्ठी कोण तपासणार? वनपिंगळ्याच्या शोधात माणसं मांडवीकडेही वळली.

रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला आणि १९९९ साली निष्कर्ष छापला. तो मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसनचा जुना पक्षी संग्रहालयातून उचलून, पेंढा नव्याने भरून, नवी चिठ्ठी बांधली होती. पण डेव्हिडसनच्या हातची मूळ शिवणकाम-सफाईची लकब पुरती पुसली गेली नव्हती. शोधाला निघताना रासमुसेन यांनी ही नोंद बाजूला ठेवली होती. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं धुंडाळली, तिथे काही मिळालं नाही, मग डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांमागोमाग त्या शहाद्याला आल्या.

हे वाचलं तेव्हा मला झोप लागली नाही. कारण माझ्याही नावावर अशी एक चिठ्ठी आहे. तिथल्याच एका शाखेत मी एका म्हातारीच्या खात्यातून २,२०० रुपयांची स्लिप पास केली होती. अंगठा होता, आणि ओळख पटवणारा गावातला वजनदार खातेदार. मी त्याला चहा पाजला, अंगठा ताडून पाहिला नाही. पंधरा दिवसांनी म्हातारी पासबुक घेऊन आली. "साहेब, मी आलेच नव्हते," एवढंच म्हणाली. पैसे मी खिशातून भरले. त्या गृहस्थाला विचारायचं धाडस मात्र झालं नाही. बदली होईपर्यंत तो मला नमस्कार करत राहिला आणि मी त्याला.

खऱ्या चिठ्ठीचा फायदा पुढे दिसला. तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशात खंडवा-बुऱ्हाणपूर, गुजरातेत डांग, अशी सागाची विरळ, कोरडी रानं लोकांनी पालथी घातली आणि पक्षी सापडत गेला. २०१४ साली तर तो मुंबईजवळ तानसा अभयारण्यात दिसला. २०१८ साली त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' यादीत आणलं. ठिकाणं वाढली, एवढाच त्याचा अर्थ. मध्य भारत सोडून जगात तो कुठेच नाही, आणि जिथे आहे तिथे साग तुटतो, शेतं वर सरकतात. शेतं सरकवणाऱ्यांना कर्जं कुणी दिली, हे मला चांगलं ठाऊक आहे.

गेल्या थंडीत नातीला घेऊन तानशाला गेलो होतो. उन्हं वर आल्यावर एका सागाच्या फांदीवर पिंगळा दिसला. "आजोबा, हाच का तो?" तिने कुजबुजत विचारलं. आम्ही दुर्बीण आळीपाळीने लावली. डोकं ठिपक्यांनी भरलेलं होतं. तिने वहीत ठिकाण लिहिलं, तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं, साधा पिंगळा, एक.